जुन्या गाडीच्या इंजिनाला नवी ‘वेळ’ बसवावी का?



गेल्या महिन्यात मोटारीच्या स्टार्टरचा एक सुटा भाग आणायला पुण्याला बुधवार पेठेत गेलो होतो. ही पेठ तुम्हाला नवी नाही. दगडूशेठ हलवाई गणपतीचे दर्शन घ्यावे, मुलांची पुस्तके अप्पा बळवंत चौकात घ्यावीत आणि वायर, कपॅसिटर, रिले असले काही हवे असेल तर तपकीर गल्लीत शिरावे, हा आपला नेहमीचा क्रम. आता मंडईपर्यंत भुयारी मेट्रो आली आहे. पण गल्ली तशीच अरुंद आणि तशीच गजबजलेली आहे. नाव तपकिरीचे, पण दुकानांत रचलेले असतात ते विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक सामान.

तिथे एका दुकानापुढे आमच्या जुन्नर तालुक्यातला एक तरुण भेटला. आयटीआय झालेला, हाताला चांगला, घरी चार एकर कांदा आणि ऊस. त्याच्या हातात एक लांबलचक यादी होती. ‘‘साहेब, बरे झाले भेटलात,’’ तो म्हणाला. ‘‘आजोबांच्या पद्मिनीला व्हीव्हीटी बसवतोय. नव्या गाडीसारखे ॲव्हरेज मिळेल. यादी बघा बरे जरा.’’

व्हीव्हीटी म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे, ती वेळ चालत्या इंजिनात बदलण्याची युक्ती. नव्या पेट्रोल गाड्यांच्या मागच्या बाजूला ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. यादीत सेन्सर होते, तेलाचा झडप-सोलेनॉइड होता, एक छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड होता. भंगारातल्या नव्या गाडीची कॅमशाफ्टची गरारी त्याने आधीच मिळवली होती. लेथवरचे काम आणि हेडचे काम धरून त्याचा अंदाज होता साठ हजार रुपयांचा. ‘‘पैसे कुठले?’’ मी विचारले. तो जरा थांबला. ‘‘कांद्याचे आहेत. ठिबकासाठी ठेवले होते. पण गाडी सुधारली तर पेट्रोल वाचेल, त्यातून ठिबक पुढच्या वर्षी करू.’’

मी शेतीचा पदवीधर, मोटारीचा नव्हे. पण तीस वर्षे इंजिने आणि पंप यांच्याशी गाठ पडत आली आहे. त्याला तिथेच ‘नको’ म्हणून मोकळा झालो असतो तर त्याने ऐकले नसते, आणि ऐकूही नये. कारण समजल्याशिवाय कशाला नाही म्हणावे? म्हणून आम्ही दोघे एका ओळखीच्या वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांचा उभा जन्म इंजिने खोलण्यात गेला आहे. तिथे जे बोलणे झाले ते तुमच्याही कामाचे आहे. जुनी गाडी, जुनी जीप, जुने ऑइल इंजिन आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे.

दारे धरणारा माणूस आणि वॉल्व्ह

ज्याने पाटाच्या पाण्याची दारे धरली आहेत, त्याला वॉल्व्ह समजावून सांगायला वेळ लागत नाही. वाफ्याचे तोंड फोडायचे, पाणी भरू द्यायचे, पुरेसे झाले की तोंड बांधायचे. इंजिनाच्या सिलिंडरला अशी दोन दारे असतात. एकातून हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळालेला धूर बाहेर जातो.

जर्मनीत निकोलाउस ऑटो याने १८७६ साली जे चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले, तेच आजही आपल्या गाडीत आहे. पिस्टन खाली येतो तेव्हा मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन वर जातो तेव्हा ते दाबले जाते. ठिणगी पडून ते पेटते आणि पिस्टनला खाली ढकलते. पिस्टन पुन्हा वर जातो तेव्हा धूर बाहेर जातो. चार टप्प्यांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि प्रत्येक वॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून वॉल्व्ह उचलणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. दोन्हींना बांधून ठेवते ती टायमिंगची चेन, पट्टा किंवा गिअर.

आता तुम्ही म्हणाल, पिस्टन खाली निघाला की दार उघडावे आणि तळाला पोचला की मिटावे, यात अवघड काय? पण पाणी असे वागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. वरून पाणी तोडले तरी पाटात आलेले पाणी थोडा वेळ वाफ्यात शिरतच राहते. हवेचेही तसेच आहे. वेगाने आत येणारी हवा पिस्टन तळाला टेकून वर निघाला तरी आत घुसत राहते. म्हणून आतला वॉल्व्ह पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या थोडा आधीच उघडतात आणि तळ सोडून पिस्टन बराच वर आल्यावर मिटतात. धुराचा वॉल्व्हसुद्धा पिस्टन तळाला जाण्याआधी उघडतो आणि माथ्यावरून थोडा पुढे गेल्यावर मिटतो. त्यामुळे माथ्याजवळ काही क्षण दोन्ही दारे एकदम उघडी असतात.

खरा पेच पुढेच आहे. हवा किती घुसेल हे वेगावर अवलंबून असते. मिनिटाला तीन हजार फेरे असतील तर पिस्टनच्या एका फेरीला, म्हणजे वरून खाली यायला, सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. गाडी उभी असून इंजिन आठशे फेऱ्यांवर गुरगुरत असेल तर त्याच कामाला जवळजवळ चौपट वेळ मिळतो. जोरात वाहणाऱ्या पाटाला दार उशिरा बांधलेले चालते. मंद पाटाला तसे केले तर पाणी उलटे फिरते. इंजिनातही हळू चालताना दार उशिरा मिटले तर आत आलेले मिश्रण परत बाहेर ढकलले जाते.

जुन्या गाडीची कॅमशाफ्ट म्हणजे घड्याळ बघून दारे धरणारा गडी. पाटाला पाणी कमी असो की जास्त, तो आपला ठरल्या वेळी तोंड फोडणार आणि ठरल्या वेळी बांधणार. कारखान्याने मधला एक वेग मनात धरून वेळ ठरवलेली असते. सगळ्या वेगांना ती चालते, पण सगळ्यांना उत्तम बसत नाही. व्हीव्हीटी म्हणजे पाण्याचा ओघ पाहून दारे धरणारा जाणता माणूस.

ही युक्ती आली कुठून?

कल्पना जुनी आहे, पण विकायच्या गाडीत ती आणायला वेळ लागला. इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीने १९८० साली आपल्या स्पायडर गाडीत ती बसवली. तिच्यामागे जांपाओलो गार्चेआ या अभियंत्याचे काम होते. जपानच्या होंडा कंपनीने १९८९ साली व्हीटेक आणले. त्यात मंद वेगाला एक कॅम आणि जोराच्या वेगाला दुसरा कॅम वॉल्व्ह उचलतो. पुढे बीएमडब्ल्यू, टोयोटा आणि इतर कंपन्यांनी आपापल्या तऱ्हा काढल्या. आपल्याकडे २००० साली होंडा सिटी या गाडीबरोबर व्हीटेक हे नाव लोकांच्या कानावर पडले. आज साध्या घरगुती गाड्यांतही व्हीव्हीटी असते.

नव्या गाडीतली तिची रचना साधारण अशी असते. कॅमशाफ्टच्या टोकाची गरारी एकसंध नसते. आतल्या भागाला पाती असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तेलाच्या खणांत इंजिनाचे तेल दाबाने सोडलेले असते. एका बाजूला तेल वाढवले की कॅमशाफ्ट थोडी पुढे सरकते, दुसऱ्या बाजूला वाढवले की मागे. तेल कुठे सोडायचे हे सोलेनॉइड ठरवतो. सोलेनॉइडला हुकूम देतो गाडीचा संगणक. त्याला क्रँक कुठे आहे आणि कॅम कुठे आहे हे दोन सेन्सर सतत कळवत असतात. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो, म्हणून गरारी एका जागी अडकवून ठेवणारी खीळही असते.

तरुण हे सगळे वाचून आला होता. त्याला रचना पाठ होती. मिस्त्रींनी त्याचे पूर्ण ऐकून घेतले आणि मग एकच विचारले, ‘‘पद्मिनीला कॅमशाफ्ट किती?’’

‘‘एक.’’

‘‘मग ती सरकवलीस तर कोणते दार सरकेल?’’

पद्मिनीच्या पोटात शिरल्यावर

प्रीमियर पद्मिनी ही आपल्या ओळखीची गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बांधली. मूळ इटलीची फियाट ११००. इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडर, आठ वॉल्व्ह. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती घराघरांत माहीत झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले.

या इंजिनात कॅमशाफ्ट एकच असते, आणि ती वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असते. तिच्यावरून उभ्या दांड्या, म्हणजे पुशरॉड, वर जातात आणि रॉकरच्या मदतीने वॉल्व्ह दाबतात. आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दोन्ही कॅम याच एका दांड्यावर घडवलेले असतात. त्यामुळे ती पुढे सरकवली की दोन्ही दारे एकदम पुढे सरकतात. दोन्ही दारे एकत्र उघडी राहण्याचा अवधी मुळीच बदलत नाही. नव्या गाडीचा बराचसा फायदा या अवधीच्या हिशेबातून येतो, तोच इथे हाती लागत नाही. अमेरिकेत डॉज व्हायपर गाडीच्या २००८ सालच्या इंजिनात एका दांड्याच्या पोटात दुसरा दांडा घालून हा पेच सोडवला. पण ती कामे कारखान्यात होतात, गावच्या लेथवर नव्हे.

दुसरी अडचण तेलाची. पाती सरकवायला तेलाचा पुरेसा आणि सारखा दाब लागतो. जुन्या इंजिनाचा तेलपंप बेअरिंगपुरते तेल पोचवायच्या बेताने केलेला असतो. त्यात वीस-तीस वर्षांची झीज. त्या तेलातून आणखी एक वाटा काढला की बेअरिंग उपाशी राहण्याची भीती. पाटाला पाणी आधीच बेताचे असताना नवीन पोटचारी काढावी, तसाच हा प्रकार.

तिसरी अडचण हुकमाची. पद्मिनीला कार्बोरेटर आहे, डिस्ट्रिब्युटर आहे, संगणक नाही. वॉल्व्हची वेळ बदलली की पेट्रोलचे माप आणि ठिणगीची वेळही तिला धरून बदलावी लागते. कार्बोरेटरला हे कोण सांगणार? बोर्ड तपकीर गल्लीत मिळतो, पण प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक ओझ्याला कोणती वेळ बरोबर, हे ज्ञान बोर्डाबरोबर मिळत नाही. ते काढायला कंपन्या इंजिने महिनोन् महिने परीक्षणाच्या बाकावर चालवतात.

चौथी अडचण धोक्याची. वॉल्व्ह उघडा असताना पिस्टन माथ्यावर आला तर अनेक इंजिनांत दोघांची टक्कर होते. सोल्डरचा एक सांधा सुटला, बोर्डाने एकदा चुकीचा हुकूम दिला, किंवा ती खीळ नीट बसली नाही, तर वॉल्व्ह वाकतो आणि पिस्टन फुटतो. घरात एकच गाडी आहे. सकाळी दुधाचे कॅन तीच नेते आणि रात्री-अपरात्री आजीला दवाखान्यात तीच नेते.

मग हे कुणालाच जमत नाही का? जमते. माझदा कंपनीच्या एमएक्स-५ या छोट्या गाडीचे हौशी मालक जुन्या इंजिनावर त्याच घराण्यातल्या २००१ नंतरच्या इंजिनाचे व्हीव्हीटीवाले हेड बसवतात. त्यांना बाहेरून तेलाची वेगळी नळी द्यावी लागते आणि वेगळा संगणकही बसवावा लागतो. तिथे काम होते, कारण हेड कारखान्यानेच त्या घराण्यासाठी केलेले असते आणि कॅमशाफ्ट दोन असतात. गावठी आंब्यावर हापूसचे कलम जमते, कारण दोन्ही आंबेच. बाभळीवर ते कोण करील?

कायद्याचे दोन शब्दही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या गोष्टींहून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सीएनजीच्या संचाला मान्यता घ्यावी लागते. असे संच तपासणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था पुण्यातच आहे, १९६६ पासून. सुट्या भागांतून घरी जुळवलेल्या रचनेच्या पाठीशी असे कोणतेही प्रमाणपत्र नसते. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट दाखवले, तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. म्हणून इंजिनात कसलाही मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारा.

पैशाचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर धावते असे धरू, म्हणजे वर्षाला सहा हजार. लिटरला बारा किलोमीटर मिळाले तर वर्षाला पाचशे लिटर पेट्रोल लागेल. कारखान्यातूनच बसवून आलेल्या व्हीव्हीटीचा एकट्याचा फायदा फार तर शेकडा पाच धरतात. नव्या गाडीचे चांगले ॲव्हरेज एकट्या व्हीव्हीटीचे नसते. त्यात पेट्रोलचे इंजेक्शन, हलके भाग, चांगला गिअरबॉक्स, टायर असे अनेक वाटेकरी असतात. तरी आपण पूर्ण पाच टक्के धरू. पाचशे लिटरवर वाचले पंचवीस लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला अडीच हजार रुपये. साठ हजार रुपये फिटायला चोवीस वर्षे लागतील!

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे आपले जुने लोक म्हणत ते यालाच. तरुणाने हिशेब दोनदा केला. मग यादीची घडी घालून खिशात ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता.

पद्मिनीत आधीपासून असलेली ‘बदलती वेळ’

मिस्त्री हसले. म्हणाले, ‘‘नाराज होऊ नकोस. तुझ्या गाडीत वेळ बदलणारी एक यंत्रणा कारखान्यानेच घातली आहे. ती चालते का, हे पाहिलेस का?’’

ती यंत्रणा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. पेट्रोलला पेटायला थोडा वेळ लागतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडावी लागते. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजने स्प्रिंगला बांधलेली असतात. गोफण फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो, तशी वेग वाढताच ही वजने बाहेर सरकतात आणि ठिणगी आधी पाडतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना जागेवर आणते. ना संगणक, ना सेन्सर. पण वर्षानुवर्षे कुणी झाकण काढले नाही, तर धूळ आणि गंज बसून ही वजने अडकतात. मग सगळ्या वेगांना ठिणगी एकाच वेळी पडते, गाडी ओढत नाही आणि पेट्रोल पिते. आणि आपण म्हणतो, इंजिन जुने झाले!

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी त्याच्याकडून त्याच्याच अंगणात जे करून घेतले, ते क्रमाने देतो. कामाआधी बॅटरीची तार काढा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

१. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढा. आतला रोटर तो फिरतो त्या दिशेला बोटांनी हलकेच पिळून सोडा. तो टुणकन मागे आला पाहिजे. आला नाही किंवा रेंगाळत आला, तर वजने अडकली आहेत. ती साफ करून थेंबभर तेल द्यावे. बाजूला नळीची डबी असेल तर नळीतून तोंडाने हवा ओढून पाहा. आतली चकती सरकली पाहिजे.

२. इंजिन हाताने थोडे पुढे-मागे फिरवा. दिशा बदलल्यावर रोटर लगेच हलू लागला पाहिजे. क्रँक बरीच फिरल्यावर रोटर हलत असेल, तर टायमिंगची चेन ढिली झाली आहे. ढिल्या चेनमुळे वॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही मागे पडतात.

३. टॅपेटची फट फिलर गेजने मोजा. माप गाडीच्या पुस्तकात असते, अंदाजाने ठेवू नये. फट जास्त असली तर टकटक आवाज येतो, वॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो. फट कमी असली तर आवाज येत नाही, पण धोका जास्त. तापल्यावर वॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळते. आवाज करणारा टॅपेट बरा, गप्प बसलेला घात करतो.

४. सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने तपासून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल, तर आधी वॉल्व्ह आणि रिंग यांचे काम. ते केल्याशिवाय बाकीच्या सेटिंगला अर्थ नाही.

५. हवेचा फिल्टर, प्लग, पॉइंट आणि टायरमधील हवा सर्वांत शेवटी. ही कामे छोटी आहेत, म्हणूनच ती राहून जातात.

पद्मिनीची वजने गंजून अडकली होती आणि दोन टॅपेट घट्ट होते. सगळा खर्च सुट्या भागांसह साडेतीन हजारांच्या आत आला. पुढच्या दोन टाक्या त्याने वहीत लिहून मोजल्या. आधी लिटरला नऊ किलोमीटर मिळत होते, आता अकराच्या पुढे मिळतात. ही नवी कमाई नव्हे. गाडीचे तिच्याकडून गेलेले परत मिळाले, इतकेच.

विहिरीवरच्या इंजिनाचे काय?

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे डिझेलचे ऑइल इंजिन आहे त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ साली पुण्याजवळ निघाला आणि गावोगाव विहिरींवर त्या इंजिनांचा आवाज घुमू लागला. असे इंजिन गव्हर्नरमुळे दिवसभर एकाच ठरलेल्या वेगाने चालते. पाटाचा ओघच बदलत नाही, मग घड्याळ बघून दारे धरणारा गडी तिथे पुरेसा आहे. वॉल्व्हची वेळ त्या एका वेगाला नेमकी बसवलेली असते. म्हणून तिथे वेळ बदलायची गरज नाही, ठरलेली वेळ राखायची गरज आहे.

ती न राखल्यास काय होते, हे मी लहानपणी घरी पाहिले आहे. भर उन्हाळ्यात आमचे इंजिन दुरुस्तीला खोलले. परत बांधताना टायमिंगच्या गिअरवरची खूण एका दाताने चुकली. एक दात म्हणजे किती? गिअरला चाळीस दात असतील तर कॅमचा नऊ अंशांचा फरक आणि क्रँकचा अठरा अंशांचा. इंजिन सुरू झाले, पण काळा धूर ओकायचे आणि पाणी ओढायचे नाही. पंप तपासला, फूटव्हॉल्व्ह तपासला, दोष मिळेना. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी दुसऱ्या गावच्या कारागिराने झाकण काढून खूण दाखवली. तोवर कांद्याची पात पिवळी पडून खाली बसली होती. त्या वर्षी आईच्या हातातल्या दोन बांगड्या गेल्या. म्हणून सांगतो, इंजिन खोलण्याआधी गिअरवरच्या खुणा स्वतः पाहून घ्या आणि बांधताना समोर उभे राहा.

बोर्ड वाया गेला नाही

त्या तरुणाचा बोर्ड मात्र घेऊन झाला होता. मीच त्याला म्हटले, ‘‘वॉल्व्हची वेळ बदलायची एवढी हौस आहे, तर वॉल्व्ह तुझ्या शेतातही आहेत.’’ कांद्याचे पैसे परत ठिबकाकडे वळले. त्याने दोन सोलेनॉइड वॉल्व्ह घेतले, चोवीस व्होल्टवर चालणारे, आणि त्या बोर्डावर त्यांची वेळ बांधली. रात्रीच्या पाळीला वीज आली की आता त्याचे वडील बॅटरी घेऊन उसाच्या कडेने फिरत नाहीत. आमच्या भागात बिबट्याचे भय काय असते, ते वेगळे सांगायला नको.

त्यातही त्याला एक धडा मिळाला. पहिला वॉल्व्ह मिटून मग दुसरा उघडायचा, असे त्याने आधी ठरवले होते. तसे केले तर चालत्या पंपाचे पाणी मधल्या क्षणी कोंडते आणि पाइपाला हिसका बसतो. म्हणून आधी दुसरा उघडायचा, काही क्षण दोन्ही उघडे ठेवायचे, मग पहिला मिटायचा. मला फोनवर हे सांगताना तो थांबला आणि म्हणाला, ‘‘साहेब, इंजिनात दोन्ही दारे एकदम उघडी असतात, ती आठवली.’’

तेव्हा बंधू-भगिनींनो, घरातल्या मुलाने नवी युक्ती आणली तर त्याला हिणवू नका. त्याच्याबरोबर बसा, हिशेब करा आणि जाणत्या माणसाला विचारा. आणि गाडीला नवे काही बसवण्याआधी, तिच्यात जे आहे ते नीट चालते की नाही एवढे पाहा. येत्या रविवारी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून तो रोटर एकदा पिळून बघा. त्याला पाच मिनिटे लागतात आणि पैसा एकही लागत नाही.